पोपटीत गेलेला डेलिया

ते डेलियाचं झाड माझं नव्हतं. माझं असतं तर मी दिराला चार शब्द सुनावले असते, नर्सरीतून दुसरं रोप आणलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. माझा राग मोठा असला तरी टिकाऊ नाही. पण झाड होतं भाभींचं. खरं म्हणजे भाभींचंही नाही, त्यांच्या मिस्टरांचं, आणि मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती.

भाभी म्हणजे मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या आमच्या शेजारीण. माझा नवरा आणि त्यांचे मिस्टर एकाच कारखान्यात, आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. भाभींचं मूळ घर श्रीवर्धनकडचं, समुद्राकाठचं. माझ्याशी साध्या मराठीत बोलायच्या, मिस्टरांवर चिडल्या की मात्र त्यांची ती भरभर कोकणी सुरू व्हायची आणि मी भिंतीपलीकडून कान देऊन ऐकायचे. प्रत्येक क्वार्टरपुढे मातीचा एक पट्टा होता. बाकीच्यांनी त्यात कढीपत्ता, अळू, फार तर गुलाब लावला. भाभींच्या मिस्टरांनी डेलिया लावला.

एकदा त्यांनी बियांचं पाकीट आणून पेरलं. बियांतून डेलिया कसला येईल ते कुणाच्या हातात नसतं, प्रत्येक रोप वेगळं निघतं. त्यांतलं एक असं निघालं की बघणारा थांबायचा. कोकमाच्या आगळासारखा गडद लाल रंग आणि प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं, दह्यात बुडवून काढल्यासारखं. हिवाळ्यात कॉलनीत फुलांचं प्रदर्शन भरायचं. तिथे परीक्षकांनी जात विचारली की ते म्हणायचे, "घरचा." त्याच्या बिया पुन्हा पेरून पाहिल्या तर पिवळे, गुलाबी, काय वाट्टेल ते आलं, पण तो आला नाही. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, "वहिनी, बियांतून येतील ती त्याची पोरं. तोच हवा असेल तर त्याचाच कंद नाहीतर त्याचंच कटिंग लावायला पाहिजे."

मी लगेच कटिंग मागितलं. त्यांनी हसून विषय मोगऱ्यावर नेला आणि मोगऱ्याचं रोप माझ्या हातात ठेवलं. सगळं वाटून टाकणारा माणूस, पण हे झाड त्यांनी कुणालाच दिलं नाही. मला इतका राग आला की मी आठवडाभर भाभींशीसुद्धा बोलले नाही. त्यांना कारण कळलंच नाही, त्यांना वाटलं माझं पोट बिघडलंय.

पुढे ते गेले, क्वार्टर सोडावं लागलं, भाभी मोहोपाड्यातच एका फ्लॅटमध्ये राहायला गेल्या आणि डेलिया गॅलरीत. निवृत्तीनंतर आम्ही कर्जतजवळ दहिवलीत घर बांधलं. दर वर्षी भाभी तो कंद काढायच्या, वाळूत ठेवायच्या, पावसाळाभर दर चार दिवसांनी उकरून बघायच्या की कुजला तर नाही. पावसाच्या दिवसांत त्यांचा फोन आला की आधी डेलियाची तब्येत, मग त्यांची.

मग त्यांच्या मुलीला दिवस गेले. मुलगी श्रीवर्धनला, बाळंतपण अवघड असल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, तेव्हा भाभींनी वर्षभर तिकडेच राहायचं ठरवलं. मुलीच्या घराभोवती नारळ-सुपारीची गर्द वाडी. तिथे डेलियाला ऊन मिळणार नाही. गणपतीनंतरच्या एका दुपारी भाभी रिक्षातून आमच्या दारात उतरल्या, मांडीवर कुंडी. कंदाला नुकते कोंब आले होते.

"वर्षभर सांभाळशील?" त्यांनी विचारलं. "हा एकच आहे गं, दुसरा कुठे नाही."

आयुष्यभर ज्याचं कटिंग मला मिळालं नाही ते अख्खं झाड माझ्या दारात आलं होतं. मी हो म्हटलं तेव्हा मनात थोडी फुशारकीच होती.

मी ते तळहाताच्या फोडासारखं जपलं. शेजारी माझा नर्सरीतला पिवळा डेलियाही लावला, त्याला सोबत म्हणून. थंडीत दोन्ही फुलले. मी भाभींना फोटो पाठवायचे, त्या उत्तरादाखल नातवाचे फोटो पाठवायच्या. "शिमग्याआधी कंद काढ," असं त्यांनी बजावलं होतं. फुलं सरली, खालची पानं वाळली, तेव्हा एका रविवारी सकाळी मी दोन्ही झाडं काढली. वरच्या काड्या छाटून परसातल्या कचऱ्याच्या ढिगावर टाकल्या. कंदांचे दोन्ही घोस धुतले आणि मागच्या पडवीत टोपलीत सावलीला वाळत ठेवले.

त्याच दिवशी आमच्याकडे पोपटी होती.

आमच्या भागात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावल्याशिवाय हिवाळा संपत नाही. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ-ओवा, पुन्हा वर पाला, मग मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा आणि गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. हे काम माझ्या धाकट्या दिराचं. तो लोधिवलीला राहतो, भात लावतो, टेंपो चालवतो. तो यायच्या आधी त्याचा आवाज येतो. शेंगा त्याच्याच शेतातल्या, मडकंही त्याचंच, आणि मडकं भरताना तो दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. माझी जाऊ तेवढी पाला पुढे करते. मी कोंबडी आणायला कर्जतच्या बाजारात गेले. गर्दी होती, वेळ लागला. परत आले तेव्हा त्याने मडक्याची बाकीची सगळी तयारी करून ठेवली होती. कोंबडी ठेवली, तोंड पाल्याने बंद केलं आणि जाळ केला.

मडकं उघडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात सतरंजी टाकून आम्ही सगळे बसलो. शेंगा छान भाजल्या होत्या. माझ्या ताटलीत एक लांबट रताळं आलं. मी खाल्लं. पाणचट, दोरे दोरे निघणारं. मी म्हटलंसुद्धा, "यंदा रताळी काही खास नाहीत."

दीर म्हणाला, "ती रताळी नाय वैनी, तुमचे करांदे हायत. मी म्हंतो, कडू कसे नाय?"

"कुठले करांदे?" मी विचारलं. ते कडसर रानकंद मी यंदा आणलेच नव्हते.

"ते वो, पडवीतल्या टोपलीतले. मला वाटलं तुमी पोपटीसाटीच धुवून ठेवल्यात."

ताटली तिथेच टाकून मी पडवीत धावले. टोपली रिकामी होती, तळाला थोडी माती. परत आले आणि विचारलं, "आणि वरचे बुडखे? ज्यांना कंद चिकटलेले होते ते?"

"ते मोडून जाळात टाकले. लाकूडच हाय, म्हटलं."

डेलियाच्या कंदाला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, नसतो. बटाट्याला अंगभर डोळे, तुकडा लावला तरी उगवतो. डेलियाचा डोळा असतो तो त्या बुडख्याला, जिथे कंदाची मान खोडाला मिळते तिथे. म्हणजे कंद आमच्या पोटात गेले होते आणि डोळे गोवऱ्यांच्या राखेत.

माझ्या नवऱ्याला भलतीच काळजी, विषारी तर नसेल? त्याने फोनवर शोधाशोध केली. डेलियाचा कंद लोक खातातही, असं निघालं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दिराला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो अंगाने दांडगा माणूस, पण ताटली बाजूला ठेवून खाली मान घालून बसला. मी भाभींची, त्यांच्या मिस्टरांची, त्या झाडाची सगळी हकिकत त्याला ऐकवली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो उठून पडवीत गेला आणि थोड्या वेळाने दोन्ही हातांत काहीतरी धरून आला. टोपलीमागे घरंगळलेला एक कंद त्याला सापडला होता.

"ह्यो घ्या वैनी, एक ऱ्हायला!"

त्या कंदाला मान नव्हती, मोडून पडलेली. मी त्याला सांगितलं, हा कधीच उगवणार नाही. तरी त्याने तो परसात खड्डा करून पुरला आणि वर पाणी घातलं. मला तेही बघवेना. मी तोंड फिरवलं आणि तेव्हा मला कचऱ्याचा ढीग दिसला.

सकाळच्या काड्या तिथेच होत्या. जाळाला घेतल्या नव्हत्या, कारण ओल्या होत्या. मी खाली बसले आणि ढीग उपसायला लागले. डेलियाचं जुनं खोड आतून पोकळ असतं, नळीसारखं. ते मातीत खोचलं तर त्यात पाणी साचून कुजतं, मूळ धरत नाही. हवा असतो तो कोवळा, आतून भरीव फुटवा. उन्हाने पानं लोळून पडली होती, पण खालच्या काही पेरांत, पानाच्या बगलेत, बोटाएवढे फुटवे अजून हिरवे होते. मी ते ब्लेडने काढले आणि पेल्यात पाणी घालून उभे केले. अंधार पडेपर्यंत मला जेवढे मिळाले तेवढे मिळाले.

पण त्या ढिगावर दोन झाडांच्या काड्या होत्या. भाभींच्या आणि माझ्या पिवळ्याच्या. सकाळी मी दोन्ही एकत्रच फेकल्या होत्या. भाभींच्या झाडाच्या देठावर जराशी लाली असायची, पण दिवसभर वाळलेल्या काड्या सगळ्या सारख्याच तपकिरी झाल्या होत्या आणि कोवळे फुटवे सारखेच हिरवे. पेल्यातलं कुठलं कुणाचं, हे मला कळत नव्हतं. फूल येईपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं.

नवरा म्हणाला, "इतक्यात भाभींना सांगू नकोस. मुळं धरू दे, मग सांग." सल्ला शहाणपणाचा होता. पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही आणि ही तर अक्षरशः पोटात गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. मागे बाळ रडत होतं. मी प्रस्तावना वगैरे काही केली नाही.

"भाभी, तुमचा डेलिया आम्ही खाल्ला."

मग सगळं सांगितलं. भाभी म्हणाल्या, "कसा लागला?"

"पाणचट."

त्यांच्या घशातून एक आवाज आला. हसल्या की रडल्या ते मला समजलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही. मग त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. वाळू जाडी घे, तिच्यावर उकळतं पाणी ओतून गार होऊ दे. फुटव्याची वरची पानं ठेव, बाकीची काढ. पेराच्या लगेच खाली काप. वर बाटली कापून उपडी ठेव, पण बूच उघडं. उठसूट पाणी घालू नको. हे सगळं त्यांना मिस्टरांनी शिकवलेलं, त्यांच्याच शब्दांत त्या मला सांगत होत्या. आणि शेवटी म्हणाल्या, "जेवढी जगतील, त्यातलं एक तुझ्या दिराला दे."

"त्याला? भाभी, तो ते भाजून खाईल."

"त्यालाच दे," त्या म्हणाल्या आणि बाळाकडे गेल्या.

आइस्क्रीमच्या जुन्या डब्यांना भोकं पाडून मी वाळू भरली आणि फुटवे लावले. न्हाणीच्या खिडकीत ठेवले, तिथे उजेड होता पण ऊन नव्हतं. घरात जाहीर करून टाकलं की खिडकीला कुणी हात लावायचा नाही. नवरा आंघोळ करतानाही बिचकायचा, एकदा तर म्हणाला, "पाणी उडालं तर मी कुठे जाऊ?" माझा जीव टांगणीला लागला होता. सकाळी उठलं की आधी न्हाणीत. एकेक कटिंग बुडाशी काळं पडत गेलं, बोट लावलं की लिबलिबीत. मी ती उपटून टाकायचे आणि तो दिवसभर सगळ्यांवर डाफरायचे. उरली तीन. ती काळी पडली नाहीत, पण काही करतही नव्हती. नुसती उभी. मग एक दिवस एकाला मी हळूच, अगदी चिमटीत धरून ओढून पाहिलं. ते आलं नाही. वाळूने धरून ठेवलं होतं. मी न्हाणीतच बसून रडले. नवऱ्याने दार ठोठावलं तेव्हा ओरडून सांगितलं, "लागलं! मूळ लागलं!" आणि तो बिचारा घाबरून विचारत राहिला, "कुठे लागलं? घसरलीस का?"

तिन्हींनी मुळं धरली. भाभींना शब्द दिला होता म्हणून दिराला बोलावलं. तो यायला तयार नव्हता. आला तो दारातच उभा राहिला.

"नको वैनी. माझ्याकडनं परत काय झालं तर?"

"मलाही तेच म्हणायचं होतं," मी म्हटलं. "पण भाभींचा हुकूम आहे."

त्याने रोप दोन्ही हातांनी घेतलं आणि टेंपोत शेजारी बसलेल्या माझ्या जावेच्या मांडीवर ठेवलं. मी गाडी वळेपर्यंत सूचना देत होते. आतून मला खात्री होती की ते आठवड्यात मरणार. माझी दोन आहेत, म्हणून मी निश्चिंत होते.

उन्हाळा मी निभावला. भाभी म्हणाल्या होत्या की कळी आली तर खुडून टाक, झाडाला आधी जीव धरू दे. मे महिन्यात एका रोपाला कळी आली तेव्हा मला राहवलं नाही. खुडून ती नखाने उघडून पाहिली. आत सगळं फिकट हिरवट. लाल नाही, पिवळंही नाही. उलट जास्तच घोर लागला.

पावसाळ्यात मात्र माझं काही चाललं नाही. आमच्याकडचा पाऊस काही विचारून पडत नाही. आत ठेवलं तर रोप उजेडासाठी लांबलचक वाढून कलंडायचं, बाहेर ठेवलं तर झोडपून निघायचं. पहिलं आषाढात बुडातून गेलं. दुसऱ्याला मी आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिले. श्रावणात दोन दिवस छान ऊन पडलं म्हणून रात्रभर बाहेर राहू दिलं, तर सकाळी गोगलगायींनी देठ तेवढा शिल्लक ठेवला होता. दिराने पुरलेला तो बिनमानेचा कंदही मी त्या रागात उकरून पाहिला. टणक, गुटगुटीत, खाली मुळंसुद्धा फुटलेली, पण वर कोंब नाही. तसाच बुजवून टाकला.

दिराला फोन करायचा मला धीर होत नव्हता. त्यानेही केला नाही, त्यावरून मी काय ते समजले. गणपती झाल्यावर मी लोधिवलीला गेले ती मनाची तयारी करूनच. अंगणात रोप नव्हतं. दारात नव्हतं. दीर म्हणाला, "इकडं या," आणि मला मागे गोठ्याकडे घेऊन गेला.

गोठ्याच्या पागोळीच्या आत, जिथे पाणी पडत नाही पण दिवसभर उजेड येतो अशा जागी, तेलाचा कापलेला डबा तारेने टांगलेला होता. त्यात गुडघाभर उंचीचं, काळसर हिरव्या पानांचं रोप. ज्या जागी तो टांगला होता तिथे आधी म्हैस असायची. तिला त्याने दुसऱ्या कोपऱ्यात बांधलं होतं.

"मी रोज बोट घालून माती बघतो," तो म्हणाला. "वली असली तर पानी नाय. सुकी असली तर वाटीभर. म्हशीनं एकदा पान खाल्लं तवा दोन दिस जेवन गेलं नाय मला."

"मग फोन का नाही केलास?"

"भ्या वाटत व्हतं वैनी. मी सांगायचो जगलंय, आनि दुसऱ्या दिवशी मरायचं."

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी जावेला म्हटलं, "चहा कर, साखर जास्त घाल." घरी आल्यावर भाभींना फोन केला, माझी दोन्ही गेली, दिराचं एक आहे. त्या म्हणाल्या, "बरं." पुढे काही विचारलं नाही. ते रोप त्यांचं आहे की माझं पिवळं, हा प्रश्न दोघींनीही तोंडातून काढला नाही.

थंडी पडली तशा भाभी श्रीवर्धनहून परत आल्या. डिसेंबरात दिराचा फोन आला, कळी फुटायला आलीय. मी मोहोपाड्याला गेले, भाभींना घेतलं आणि आम्ही रिक्षाने लोधिवलीला निघालो. वाटेत भाभी नातवाबद्दल बोलत होत्या. त्याला दात आलेत, तो काय काय चावतो. मी हो हो करत होते आणि एक शब्दही ऐकत नव्हते.

आता रोप अंगणात जमिनीत लावलेलं होतं, भोवती काट्यांचं कुंपण. शेंड्याला एकच मोठी कळी. हिरवी दलं मागे सरली होती आणि पाकळ्यांची टोकं नुकती दिसायला लागली होती. टोकं फिकट होती. पांढुरकी, जराशी पिवळट.

पिवळं. माझं ते नर्सरीतलं पिवळं जगलं होतं आणि त्यांचं गेलं होतं. दिराने तो पिवळा किंवा लाल कुठलाच कधी नीट पाहिला नव्हता, तो नुसता आमच्या तोंडांकडे बघत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भाभींनी हाताने मला थांबवलं. त्या कुंपण सरकवून उकिडव्या बसल्या, चष्मा पुढे ओढला आणि कळीच्या अगदी बाहेरची एक पाकळी नखाने हळूच खाली दाबली.

टोकाच्या खाली ती लाल होती. गडद, काळपट लाल, बुडापर्यंत.

फिकट होती ती फक्त टोकं. मी जोत्यावर बसले आणि हसायला लागले, थांबताच येईना. दीर विचारत होता, "त्योच हाय का? भाबी, त्योच हाय का?" आणि भाभींनी मान हलवल्यावर तो गोठ्यात गेला. म्हशीला सकाळीच चारा घातलेला होता, तरी तो बराच वेळ तिथे चारा सारखा करत राहिला.

निघताना मी भाभींची परवानगी घेऊन झाडाचे दोन-तीन कोवळे फुटवे काढले. इतक्या वर्षांनी मला ते कटिंग मिळत होतं. रुमाल ओला करून त्यात गुंडाळले आणि आणखी एका फुटव्याला हात घातला.

"हा तुमच्यासाठी," मी म्हटलं. "कंद उन्हाळ्यात काढून देईलच तो, पण तोवर..."

"नको गं."

"म्हणजे?"

"माझ्यासाठी नको तोडू. कंदही राहू दे इथेच." मग दिराकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडेच राहू दे. मी बघायला येत जाईन. चालेल ना?"

त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "कवा बी या."

रिक्षात मी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण मला ते जमत नाही. वर्षभर मी जिवाचं रान केलं ते कुणासाठी? मी विचारलंच, "भाभी, तुम्हाला राग आलाय का माझा?"

त्यांनी बाहेर बघत मान हलवली. मग म्हणाल्या, "तू फोनवर सांगितलंस ना, खाल्ला म्हणून? तेव्हा आधी मला बरं वाटलं."

"बरं?" मी म्हटलं.

"खरंच. ते गेल्यापासून दर पावसाळ्यात मी त्या वाळूत हात घालते आणि माझा श्वास अडकतो. कुजला तर? माझ्या हातून गेला तर? मुलीच्या बाळंतपणातसुद्धा अर्धं चित्त तुझ्या अंगणात होतं. तू सांगितलंस आणि मला वाटलं, चला, संपलं, आता मला सांभाळायचं नाही. मग माझीच मला इतकी लाज वाटली, की लगेच तुला वाळू कशी घ्यायची ते सांगायला लागले."

"आणि आज? आज लाल दिसला तेव्हा?"

"आज जास्त बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आहे, आणि माझ्याकडे नाही."

मोहोपाडा आलं. भाभी उतरल्या, रिक्षावाल्याला थांबायला सांगून माझ्या मांडीवरचा ओला रुमाल एकदा उघडून पाहिला, फुटव्यांची खालची पानं तिथेच खुडून टाकली आणि रुमाल पुन्हा नीट गुंडाळला. मग जिन्याकडे गेल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी कठड्याला धरून चढतात. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्या कठडा न धरता वर गेल्या.